चोगा, जानवं आणि आपण

बाबासाहेबांनी १९५० साली कलकत्त्याच्या महाबोधी सोसायटीच्या मासिकात एक इंग्रजी लेख लिहिला. बुद्ध आणि त्याच्या धम्माचं भवितव्य, असा त्याचा विषय. त्या लेखात त्यांनी भिक्खू संघाला फैलावर घेतलं आहे. संघात माणसं पुष्कळ, शिकलेली थोडी, लोकांची सेवा करणारी त्याहून थोडी, असा एकूण रोख. आणि पुढे सरळ सांगितलं आहे, की संघानं ख्रिस्ती धर्मगुरूंकडून, त्यातही जेझुइटांकडून, काही गोष्टी उचलाव्यात.

जयंतीच्या भाषणात हे कोणी सांगत नाही. मी स्वतः पस्तीस वर्षं मास्तरकी केली, गावोगावच्या स्टेजवर बोललो, मीही कधी सांगितलं नाही. निवृत्त झाल्यावर लेख नीट वाचला आणि लाज वाटली. बाबासाहेब सांगून गेले, अमक्याकडून शिका. आपण तो अमका कोण हेही पाहिलं नाही.

मग वाचायला लागलो. वाचता वाचता त्यांच्या लेखन-भाषणांचा पाचवा खंड हाती आला. हा खंड सरकारनं १९८९ साली छापला. त्यात अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर बाबासाहेबांचा एक लेख आहे, त्यांच्या हयातीत न छापलेला. तिथं मदुरेच्या जेझुइटांची हजेरी घेतलेली आहे. म्हणजे एका हातानं बाबासाहेब म्हणतात, यांच्याकडून शिका. दुसऱ्या हातानं दाखवतात, यांनी काय करून ठेवलं ते बघा. दोन्ही हात एकाच माणसाचे आहेत. या दोन लेखांच्या मधे जी जागा आहे, तिथं उभं राहून मी हे लिहितो आहे.

आधी थोडी ओळख. कॅथलिक धर्मगुरू दोन तऱ्हेचे. एक धर्मप्रांताचा, म्हणजे बिशपच्या हाताखालचा. दुसरा संघाचा. संघाचा माणूस तीन व्रतं घेतो. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. घर नाही, बायको नाही, स्वतःच्या नावावर दमडी नाही, आणि वरिष्ठ धाडतील तिथं जायचं. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट म्हणजे येशूसंघीय, सालेशियन, असे कितीतरी संघ. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ते धर्मप्रांताचे होते, संघाचे नव्हते. हा फरक ध्यानात ठेवा.

आपला यवतमाळ जिल्हा अमरावती धर्मप्रांतात मोडतो. तो धर्मप्रांत १९५५ साली झाला. त्याचे पहिले बिशप जोसेफ रोझारिओ संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावानं चालणाऱ्या संघाचे, आणि ते चाळीस वर्षं त्या गादीवर होते. हा संघ फ्रान्समधला. त्याची माणसं १८४५ साली हिंदुस्थानात उतरली आणि विशाखापट्टणमवरून नागपूरकडे सरकली. वर्धा नदी ओलांडून चंद्रपुरात गेलं, की तिथं १९६२ पासून केरळच्या कार्मेलाइट संघाचा कारभार सुरू झाला. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाताना नागपूरच्या सिटी बसवर ‘सेमिनरी हिल्स’ अशी पाटी मी लहानपणापासून वाचत आलो. ती सेमिनरी म्हणजे पाद्री घडवायची शाळा, हे मला चाळिशीत कळलं. आपल्या शेजारी काय शिजतं हे आपल्याला ठाऊक नसतं, ते असं.

०

१९७२ चा दुष्काळ. मी दहा वर्षांचा. पांढरकवड्याच्या बाजूचं आमचं गाव. माय-बाप रोजगार हमीच्या गिट्टीवर. शाळेत सुकडी, घरी लाल मिलो. त्या उन्हाळ्यात एक फादर जीपनं आला. काळा, सडपातळ, केरळचा, पांढरा झगा घातलेला. दलिया आणि तेलाचे डबे घेऊन आला होता. त्याचं नाव आणि त्याच्या संघाचं नाव मी इथं देत नाही. प्रश्न त्या एकट्याचा नाही.

तो सरळ आमच्या बौद्धपुऱ्यात आला. आमच्या बाजेवर बसला. आजीला म्हणाला, पाणी द्या. आजी थबकली. तिच्या सत्तर वर्षांत पांढऱ्या कपड्यातल्या कुठल्या माणसानं तिच्याकडं पाणी मागितलं नव्हतं. तिनं गंज घासला, पुन्हा घासला, मग पाणी दिलं. तो घटाघटा प्याला आणि अजून मागितलं. आजी मरेपर्यंत हे सांगायची.

पण तिची गोष्ट इथं संपत नसे. फादरनं गावात बालवाडी काढली. जागा पाटलानं दिली, वाड्याच्या लगतची. गावातली पोरं आत बसली. आमची पोरं बाहेर छपरीत. बाबानं जाऊन विचारलं, तर फादर मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, हळूहळू होईल. पाटलाला दुखावलं तर बालवाडीच बंद पडेल. मग तुमच्या पोरांना काहीच मिळणार नाही.

आजी म्हणाली, "पाणी तं पेला तो आपल्या घरचं. मंग पोट्टे छपरीत काहून बसोले? हयूहयू म्हन्ते. हयूहयू म्हंजे कवा?"

दोन वर्षांनी फादरची बदली झाली. आज्ञापालनाचं व्रत. तोवर आमची पोरं छपरीतच होती.

मला वाटतं, संघांच्या सगळ्या सेवेची समीक्षा आजीनं त्या दोन वाक्यांत केली. पाणी पेला, हे खरं. छपरीत बसवलं, हेही खरं. पुढं मी जे काही वाचलं, त्यात मला हेच दोन सापडत गेले.

०

मराठीत जेझुइटांचं पहिलं मोठं पुस्तक म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’. लिहिणारा थॉमस स्टीफन्स, इंग्लंडचा, १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ मधे मेला. पुस्तक १६१६ साली साष्टीत राचोलला रोमन लिपीत छापलं. पुन्हा १६४९ आणि १६५४ मधे निघालं. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळुरात जोसेफ साल्ढाणांनी ते छापलं. देवनागरीत शांताराम बंडेलूंनी आणलं ते १९५६ साली, पुण्यात. ज्या वर्षी नागपुरात आपली माणसं पुराणं टाकून बाहेर पडत होती, त्याच वर्षी पुण्यात एक पुराण नव्यानं छापलं जात होतं. योगायोग असेल. पण मला तो विसरता येत नाही. पुढं नेल्सन फाल्कांव या सालेशियन फादरनं २००९ साली आजच्या मराठी गद्यासह ते काढलं. मी वाचलं ते त्याच्या आधारानं.

दहा हजारांवर ओव्या. दोन भाग. पहिल्यात जुना करार, दुसऱ्यात येशूचं चरित्र. स्टीफन्सची मराठी पाहून माणूस चाट पडतो, हे मान्य. सातासमुद्रापारचा माणूस येतो आणि एकनाथांच्या काळातली ओवी हातात घेऊन खेळवतो. त्यात त्यानं मराठीची जी स्तुती केली आहे, ती शाळेच्या पुस्तकातून आणि संमेलनाच्या मांडवातून आपण इतक्यांदा ऐकली, की स्टीफन्स म्हणजे तेवढंच, असं होऊन बसलं. प्रस्थापित समीक्षेनं त्याच्याकडून मराठीच्या कौतुकाचं सर्टिफिकेट घेतलं आणि फाइल बंद केली.

फाइल उघडू या. हे पुराण कोणासाठी? पुराणातच सांगितलं आहे. ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केली, मग आम्ही आता वाचायचं काय? त्यावर हे पुराण. प्रश्न विचारणारा ब्राह्मण, उत्तर ब्राह्मणाच्या वळणाचं. स्वर्ग वैकुंठ झाला. भाषा कीर्तनाच्या मांडवातली, शिष्टांची. आणि याच स्टीफन्सनं साध्या माणसांसाठी कोकणीत जी प्रश्नोत्तरी लिहिली, ती १६२२ साली छापली गेली, तेव्हा तिच्या भाषेचं नावच मुखपृष्ठावर ‘ब्राह्मण कानारी’ असं आलं. भाषेला सुद्धा जानवं घातलेलं.

आता गोष्ट काय आहे ती पाहा. देव जन्मतो कुठं, तर गुरांच्या गोठ्यात. वाढतो सुताराच्या घरी. महारोग्याला हात लावतो. शिष्यांचे पाय धुतो. शेवटी दोन गुन्हेगारांच्या मधे त्याला टांगतात, शहराबाहेर. शहराबाहेर म्हणजे कुठं, हे आपल्याला कोणी सांगायला नको. ही गोष्ट तर आपल्या वस्तीतली आहे! महारवाड्यात सांगितली असती, तर म्हाताऱ्यांनी मान डोलावली असती, हा आपलाच कोणी दिसतो म्हणून. पण सांगणारा बसला ब्राह्मणाच्या पडवीत. गोष्ट गोठ्यातली आणि भाषा गाभाऱ्यातली. ‘ख्रिस्तपुराणा’चं सगळ्यात मोठं वैगुण्य मला हे वाटतं. आजवरच्या समीक्षेनं त्याला वैभव म्हटलं.

कोणी म्हणेल, त्या काळात महारांची भाषा पुस्तकात यायची कशी? आली होती की. स्टीफन्सच्या आधी अडीचशे वर्षं चोखामेळा होऊन गेला. त्याची बायको सोयरा, मुलगा कर्ममेळा, सगळे रचत होते. पंढरीच्या दाराबाहेर उभं राहून. मराठीत दोन दारं होती. आतलं आणि बाहेरचं. स्टीफन्सनं आतलं ठोठावलं.

आणि एक गोष्ट विसरायची नाही. ही ओवी पोर्तुगीज तलवारीच्या सावलीत लिहिलेली आहे. साष्टीतली देवळं १५६७ मधे पाडली. कुंकळ्ळीच्या लोकांनी १५८३ साली पाच जेझुइट मारले. त्यांची प्रेतं आणायला स्टीफन्स स्वतः गेला होता. नंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांना बोलावून घेऊन दग्यानं मारलं. पुराणं बंद का झाली होती, त्याचं उत्तर यात आहे. स्टीफन्सच्या हातात तलवार नव्हती, लेखणी होती, हे त्याचं मोठेपण. पण ती लेखणी कोणाच्या दौतीत बुडत होती, हे समीक्षकानं सांगायला पाहिजे.

०

स्टीफन्सनं भाषेला जानवं घातलं. त्याच्या संघातल्या दुसऱ्या माणसानं ते स्वतःच्याच गळ्यात घातलं. रॉबर्टो दि नोबिली, रोमचा. १६०६ साली मदुरेला गेला. भगवी वस्त्रं, जानवं, शाकाहार, स्वयंपाकाला ब्राह्मण. तिथं आधीपासून काम करणारा एक पोर्तुगीज जेझुइट होता, परव कोळ्यांमधे मिसळणारा. नोबिली त्याच्यापासून वेगळा राहिला. तक्रारी रोमपर्यंत गेल्या. १६२३ साली पोपनं निकाल दिला, की जानवं चालेल.

पुढं याहून नवल घडलं. १६४० पासून मदुरेच्या मिशनमधे दोन तऱ्हेचे जेझुइट झाले. एक ब्राह्मण-संन्यासी, वरच्या जातींसाठी. दुसरे पंडारस्वामी, खालच्यांसाठी. एकाच संघाचे, तीच तीन व्रतं घेतलेले, पण चारचौघांत एका पंगतीला बसायचे नाहीत. १७४४ साली पोपनं या सगळ्या रीतींवर शेवटचा हुकूम काढला, तेव्हा तडजोड म्हणून परया लोकांसाठी वेगळे मिशनरी नेमायचं ठरलं. म्हणजे अस्पृश्यता काढायची नाही, अस्पृश्यांना पाद्री वेगळा द्यायचा. आमच्या गावच्या छपरीचं मूळ मला इथं सापडलं. हळूहळू.

पुण्यात नगर रस्त्यावर जेझुइटांचं विद्यार्थिगृह आहे. तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र शिकणारे तरुण तिथं राहतात. त्याचं नाव दि नोबिली कॉलेज. फुले-आंबेडकरांच्या पुण्यात, जानवं घातलेल्या पाद्रीच्या नावानं. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात परक्या संस्कृतीशी जुळवून घेणारा महान माणूस असेल. संस्कृतीशी जुळवून घेणं, हा मोठा गोड शब्द आहे. या देशात संस्कृतीशी जुळवून घेणं म्हणजे कोणाशी जुळवून घेणं, हे एकदा खालून विचारून बघा.

गोव्यात तर संघांचेच जातवार तुकडे पडले. जुन्या काळच्या येशूसंघानं आपल्यातला पहिला देशी माणूस १५७५ साली घेतला, पेरो लुईस, तो ब्राह्मण. वसईचा गोन्सालो गार्सिया, आई इथली, बाप पोर्तुगीज. तो जपानात जेझुइटांच्या हाताखाली राबला, पण संघात काही त्याला घेतलं नाही. शेवटी मनिलाच्या फ्रान्सिस्कनांनी ब्रदर म्हणून घेतलं. १५९७ साली नागासाकीला त्याला क्रुसावर चढवलं. १८६२ मधे तो संत झाला. जिवंतपणी दार बंद आणि मेल्यावर वेदी. चोखोबाची पायरी आठवते की नाही?

युरोपीय संघ आपल्याला घेत नाहीत म्हणून गोव्याच्या देशी पाद्र्यांनी १६८० च्या दशकात स्वतःचा संघ काढला, ओरॅटरी. चांगली गोष्ट. पण त्यात प्रवेश फक्त ब्राह्मणांना! जोसेफ वाझ या संघाचा. त्यानं डचांच्या छळात श्रीलंकेतली माणसं सांभाळली, भिकाऱ्याच्या वेशात फिरला. २०१५ साली पोपनं त्याला संत केलं. माणूस मोठाच. पण ज्या दारातून तो आत गेला, त्या दारावर जात लिहिलेली होती. दार बंद झालं म्हणून चारडो पाद्र्यांनी चिंबलला आपला कार्मेलाइट संघ वेगळा केला. आणि या दोघांच्या खालचे कुठं गेले? ते चर्च झाडत होते.

घर सोडता येतं. बायको सोडता येते. मालमत्ता सोडता येते. मग जात का सुटत नाही? तीन व्रतं आहेत. चौथं का नाही?

०

यावर नेहमीचं उत्तर तयार असतं. तो काळच तसा होता. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजची फूटपट्टी लावू नका.

ठीक. आजची नको. अडीच हजार वर्षांपूर्वीची लावू. शाक्य राजपुत्र बुद्धाकडे दीक्षेला आले, तेव्हा त्यांच्यासोबत त्यांचा न्हावी उपाली होता. राजपुत्रच म्हणाले, याला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला याच्यापुढं वाकावं लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा मोडेल. बुद्धानं तसंच केलं. संघात जो आधी आला तो ज्येष्ठ. राजपुत्र न्हाव्याच्या पाया पडले. पुढं संघाच्या नियमांचा जाणकार म्हणून हाच उपाली मानला गेला. रस्ता झाडणारा सुनीत संघात आला. स्मशानातला सोपाक आला. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात या सगळ्यांना मुद्दाम एका प्रकरणात आणून बसवलं आहे.

तिथं हळूहळू नव्हतं. संघात पाऊल टाकलं की त्या घटकेला जात संपली. म्हणजे संघ नावाची गोष्ट जात मोडायचं हत्यार होऊ शकते. बाबासाहेबांना संघ हवा होता तो यासाठी. आणि जेझुइटांकडून घ्यायचं होतं ते शिक्षण, शिस्त आणि लोकांत जाऊन केलेली सेवा. जानवं नव्हे.

०

इथं थांबलो तर हा लेख एकांगी होईल. कारण त्याच संघाचा एक माणूस आपल्या महाराष्ट्रात, आपल्या प्रकरणात मेला.

स्टॅन स्वामी. तमिळनाडूचा जेझुइट. १९७५ ते १९८६ बंगळूरच्या भारतीय सामाजिक संस्थेचा संचालक. नंतर झारखंडात. आदिवासींच्या जमिनी, जंगल, तुरुंगात कुजत पडलेली आदिवासी पोरं, यावर काम. रांचीजवळ ‘बगईचा’ नावाचं केंद्र. ८ ऑक्टोबर २०२० ला एन.आय.ए.नं त्याला उचललं. प्रकरण भीमा कोरेगाव आणि एल्गार परिषदेचं. परिषद ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर भरली होती. हा म्हातारा सांगत होता, मी भीमा कोरेगावला कधी गेलेलोच नाही. तळोजाच्या तुरुंगात टाकलं. पार्किन्सननं हात थरथरत. हातात पेला धरता येईना. पाणी प्यायला नळीचा पेला द्या, म्हणून त्याला कोर्टात अर्ज करावा लागला, आणि त्यावर तारखा पडत राहिल्या. ५ जुलै २०२१ ला मुंबईत वांद्र्याच्या दवाखान्यात तो मेला. जामिनाचा अर्ज हायकोर्टात पडून होता. वय चौऱ्याऐंशी.

माझी आजी असती तर काय म्हणाली असती? ज्याच्या बाजूच्या माणसानं आपल्या घरचं पाणी मागितलं, त्याला शेवटी घोटभर पाण्यासाठी कोर्टाकडं हात पसरावा लागला.

स्टॅन स्वामीनं भगवं घातलं नाही, जानवं घातलं नाही, पाटलाकडून जागा घेतली नाही. कोणाला दुखावू नये म्हणून छपरी बांधली नाही. लोक जिथं होते तिथं गेला आणि लोकांना जे मिळतं तेच त्याला मिळालं. तुरुंग. त्यानं कुठलं पुराण लिहिलं नाही. पण ‘ख्रिस्तपुराणा’त जी भाषा सापडली नाही, ती मला त्याच्या पेल्याच्या अर्जात सापडली. गोठ्याची गोष्ट गोठ्याच्या भाषेत.

म्हणजे हा संघ एकच आहे आणि त्यातून दोन वाटा निघतात. एक नोबिलीची, एक स्टॅनची. कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं डिसेंबर २०१६ मधे दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं आणि चर्चमधे जातिभेद आहे हे कबूल केलं. १६२३ ते २०१६. किती वर्षं झाली, मोजा. हैदराबादचे अँथनी पूला २०२२ साली कार्डिनल झाले, या देशातले पहिले दलित कार्डिनल. हळूहळू होतंय, म्हणतात. आजीचा प्रश्न तसाच आहे. आणि सरकारकडं पाहिलं तर १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या हुकुमानं ख्रिस्ती झालेल्या महार-मांगाला अनुसूचित जातीतून जे बाहेर काढलं, ते आजही बाहेरच. शिखांना १९५६ ला घेतलं, आपल्याला १९९० ला. चर्चमधे दलित म्हणून मागं आणि सरकारदरबारी ख्रिस्ती म्हणून बाहेर. या भावांसाठी आपण कधी मोर्चा काढला?

०

आता स्वतःकडं.

जेझुइटांना जाब विचारणं सोपं आहे. पण बाबासाहेबांनी तो लेख जेझुइटांसाठी लिहिला नव्हता. आपल्यासाठी लिहिला होता.

आमच्या गावात बुद्धविहार आहे. संगमरवरी फरशी, पंखे, माइक. वर्षातून चार दिवस उघडतं, एरवी कुलूप. वर्षावासात भंतेजी येतात, चांगलं जेवण होतं, परित्राण पाठ होतो, जातात. गावात दवाखाना नाही. कपाशीवर फवारणी करताना विष लागून माणसं पडतात. कर्जापायी घरातला कर्ता माणूस जातो आणि बाई पोरांना घेऊन मागं उरते. त्यांच्या दारी भंतेजी गेले का? मी गेलो का? बाबासाहेबांनी फैलावर घेतलं होतं ते आम्हालाच, हे पंच्याहत्तर वर्षांनी कळलं तर काय उपयोग?

आणि याहून कडू. बौद्धपुऱ्याच्या पलीकडं नाल्याच्या काठानं मांगांची सात घरं आहेत. त्याच्या पुढं कोलामांचं पोड. गेल्या वर्षी विहारात वाचनालय काढायची मीटिंग होती. मी म्हटलं, मांगांच्या आणि कोलामांच्या पोरांनाही बोलवू. सगळे गप्प. मग एक शिकलेला, नोकरीतला, माझाच जुना विद्यार्थी म्हणाला, "सर, बरोबर हाये तुमचं. पन आपले लोक अजून तयार नाहीत. हळूहळू होईल."

मी घरी आलो. भिंतीवर आजीचा फोटो आहे. वर पाहायची हिंमत झाली नाही.

त्या पाद्रीला दोष देताना माझी जीभ अडखळते ती यामुळे. तो निदान पाणी पेला होता. मी चाळीस वर्षं त्याच गावात आहे, नाल्यापलीकडं जाऊन मी कोणाच्या माठातलं पाणी मागितलं?

दुसऱ्या रविवारी गेलो. पहिल्या घरी म्हातारी होती. म्हटलं, मावशी, पाणी द्या. ती माझ्याकडं बघत राहिली. मग आत गेली आणि गंज घासल्याचा आवाज आला. एकदा. पुन्हा एकदा.

वाचनालय आता विहारातच आहे. बारा पोरं येतात, त्यांत मांगांची चार, कोलामांची दोन. आत बसतात. फरशीवर. आमच्यातल्या तीन घरांनी आपली पोरं काढून घेतली. येतील तेव्हा येतील. त्यांच्यासाठी पोरं छपरीत बसवायची नाहीत, एवढं ठरलं आहे.

जयभीम.